सगळे घरी

दिवस कलायला लागला की मर्गिलानच्या कबुतरबाजांना दुसरं काही सुचत नाही. आत पुलाव करपतो, दारात पाहुणा ताटकळतो आणि हे आपले गच्चीवर मान वर करून उभे. पाखरं उतरली, ढाबळीत शिरली, मोजून झाली, की मग खिशातला फोन काढायचा आणि दोनच शब्द लिहायचे: सगळे घरी.

हे दोन शब्द कुणाला लिहायचे, तर आपल्यासारख्याच चार वेड्यांना. त्यांचं एक छोटंसं जाळं होतं, त्याला ते 'गच्ची' म्हणत. बाकीचं जग ज्या मोठ्या जाळ्यांवर भांडतं, तिथे त्यांनीही आधी नशीब आजमावून पाहिलं होतं. पण तिथे कबुतराचा फोटो टाकला की कुणी त्याला रस्सा कसा करावा ते सांगे, नाहीतर कुणी केस वाढवायचं तेल विकायला येई. शेवटी लुत्फिनिसा अपानं कंबर कसली. अपा म्हणजे ताई; ही ताई टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेली; आवाज असा की खात्यात होती तेव्हा ताश्कंदशी बोलायला तिला तार लागत नसे असं लोक म्हणत. तिनं प्रत्येकाच्या घरात तळहाताएवढा एक डबा बसवून दिला. ज्याचा डबा त्याच्या घरी, त्याची किल्ली त्याच्याकडे. एका डब्यातली खबर दुसऱ्या डब्यात उतरायची, तिथून तिसऱ्यात. वर मालक नाही, पंच नाही, दुसऱ्याच्या घरातून कुणाला हाकलायचा कुणाला अधिकार नाही. फार तर आपापल्या खिडक्या लावून घ्यायच्या.

"ढाबळीसारखंच आहे की हे," खोलमिर्झा तेव्हा म्हणाला होता. "ज्याची त्याची वेगळी, आकाश सगळ्यांचं."

हा खोलमिर्झा रेशीम रंगवणारा. काम सोडून कितीतरी वर्षं झाली तरी त्याचे हात मनगटापर्यंत निळेच होते. पाखरं म्हणे त्या निळ्या हातांवरूनच त्याला ओळखायची. बायको गेल्यापासून घरात तो एकटा, अंगणात द्राक्षाचा मांडव, मांडवामागे शिडी आणि शिडीवर त्याचं खरं घर.

त्याचा बालमित्र एगमबेर्दी न्हावी. दोघांच्या गच्च्या दोन गल्ल्यांच्या अंतरावर आणि दोघांत गेल्या वसंतापासून लढाई. कबुतरबाजांत लढाई म्हणजे हातघाई नाही. तह असेल तर चुकून आपल्या गच्चीवर उतरलेलं पाखरू उचलून ज्याचं त्याला नेऊन द्यायचं. लढाई असेल तर उतरेल ते आपलं. लढाई लागली होती एका फुशारकीवरून. एगमबेर्दीनं 'गच्ची'वर लिहिलं की त्याचा चितळा नर कोलांट्या घेत इतका वर गेला की उतरला तेव्हा पायांच्या पिसांत बर्फ होता. त्यावर खोलमिर्झानं लिहिलं, "बर्फ नसेल, तुझ्या दुकानातला साबणाचा फेस असेल. गिऱ्हाइकांना फेस लावायला तू कबूतरच वापरतोस, ब्रश तर कधीचा झडला." सगळ्या 'गच्ची'नं वाचलं, तिथून गावभर झालं. ब्रशाचा उल्लेख एगमबेर्दीच्या जिव्हारी लागला.

तेव्हापासून दोघांची चढाओढ. पाखरं कुणाकडे जास्त, कोलांट्या कुणाच्या जास्त आणि हळूहळू 'गच्ची'च्या डब्यात माणसं कुणाकडे जास्त. एकेका डब्यात हवं तर दहा जणांना नाव मांडायला जागा होती. अपानं बजावून ठेवलं होतं, "दार लावून ठेवा रे. ओळखीच्याला हातानं आत घ्या. उघडं टाकू नका."

आता कबुतरबाजाला दार उघडं टाकू नका म्हणून सांगणं म्हणजे न्हाव्याला गप्प बस म्हणून सांगणं. परकं पाखरू डोक्यावर घिरट्या घालू लागलं की ढाबळीचं दार उघडायचं, फळीवर वरीचे दाणे फेकायचे, पाण्याची थाळी खळखळवायची, हे त्यांच्या हाडीमाशी मुरलेलं. रिकामी फळी त्यांना बघवतच नाही. खोलमिर्झानं एक दिवस गुपचूप आपल्या डब्याचं दार सताड उघडलं.

लगेच पाहुणा आला. नाव मांडलं 'मुसाफिर'. पहिली खबर लिहिली: "आसरा मिळेल का? दमलोय."

खोलमिर्झानं मिशीला पीळ दिला. "बस बाबा. दाणापाणी आपलंच समज."

त्या संध्याकाळी रिश्तानच्या तुर्दालीनं नेहमीप्रमाणे लिहिलं, सगळे घरी. तुर्दाली कुंभार, या सगळ्यांत वयानं लहान, बोलायला गोड. त्याच्या दोन शब्दांखाली मुसाफिरानं एक फोटो लावला. तुर्दालीची गच्ची, पण वरून काढलेली. भट्टीचं धुराडं, वाळत घातलेली ताटं, ढाबळीची फळी, फळीवर ओळीनं पाखरं. खाली एवढंच: "सगळे?"

"वा! पाहुण्याकडे उडता कॅमेरा आहे वाटतं," तुर्दालीनं लिहिलं. "खोलमिर्झा आका, माणूस हौशी गाठलात. पण माझी राखी मादी दिसत नाही यात. फळीवरच बसलीय की ही, आत्ता माझ्यासमोर."

दुसऱ्या दिवशी राखी मादी उडाली ती परतली नाही. तुर्दालीनं पहिल्यांदाच 'सगळे घरी' लिहिलं नाही. "ससाण्यानं नेली असेल," अपानं समजूत घातली.

ससाण्यानं नेली नव्हती. राखी मादी त्याच संध्याकाळी खोलमिर्झाच्या गच्चीवर उतरली. रिश्तानहून मर्गिलान काही जवळ नाही, आणि वाटेत शेकडो गच्च्या, पण ती सरळ येऊन त्याच्या फळीवर बसली. तुर्दालीशी त्याचा तह होता. फोन उचलून सांगायला हवं होतं. पण मादी होती फार देखणी. पायांत गुडघ्यापर्यंत पिसांचे मोजे, मानेवर मोरपंखी झाक. उद्या सांगू, असं म्हणून खोलमिर्झानं तिच्या पंखांना दोरा बांधला. नवं पाखरू उडून जाऊ नये म्हणून पंखांची पिसं अशी दोऱ्यानं आवळून ठेवतात. रुळलं की सोडतात.

मग तो उद्या काही उगवला नाही. अपाच्या गच्चीचा फोटो आला, त्यात तिचा तुरेवाला नर नव्हता. दुसऱ्या दिवशी तो खोलमिर्झाकडे. एगमबेर्दीच्या गच्चीचा फोटो आला, त्यात बर्फ घेऊन उतरलेला तो चितळा नर नव्हता. दुसऱ्या दिवशी तोही खोलमिर्झाकडे. एगमबेर्दीशी लढाई होती, तेव्हा चितळा घेणं रीतसर होतं. पण लढाईत पकडलेलं पाखरू मिरवायचं असतं, आणि हा बिचारा मिरवूही शकत नव्हता. एकाबद्दल बोलला असता तर बाकीच्यांबद्दलही विचारलं असतं लोकांनी.

आणखी एक गोष्ट त्याला खटकत होती, पण तिच्याकडे तो बघायचं टाळत होता. ही आलेली पाखरं घुमत नव्हती. दाणे टिपत, पाणी पीत आणि संध्याकाळ झाली की सगळी एकाच दिशेला मान वळवून, वर, रिकाम्या आकाशाकडे बघत बसत.

'गच्ची'वर कुजबुज वाढली. मुसाफिराच्या नावापुढे ज्या घरात तो उतरला होता त्या घराचं नाव दिसे, म्हणजे खोलमिर्झाचं.

"अरे, तुझ्या त्या पाहुण्याला बाहेर काढ," अपानं लिहिलं. "किल्ली तुझ्याकडे आहे. माझ्यानं होत असतं तर मीच कान धरून काढला असता."

"अपा, दाणा खाल्लेल्याला हाकलत नाहीत. रीत आहे."

"रीत पाखरांची आहे. हा पाखरू आहे का?"

खोलमिर्झा फोन पालथा टाकून पाखरांना पाणी घालायला गेला. एगमबेर्दीनं मात्र संधी सोडली नाही. "काढणार कसा? तेवढं एकच गिऱ्हाईक मिळालंय त्याला. हात निळे होते, आता तोंडही काळं व्हायला आलं तरी सोडणार नाही."

त्याच संध्याकाळी एगमबेर्दीनं आपली पाखरं मोजली आणि लिहिलं, सगळे घरी. खाली मुसाफिराचा फोटो आला.

खोलमिर्झा आपल्या गच्चीवर उभा राहून तो फोटो बघत होता. एगमबेर्दीची गच्ची. फळीवर सगळी पाखरं, एकही कमी नाही. पाखरं उडवायची फडकं बांधलेली काठी कठड्याला टेकलेली. चहाची किटली, तिच्या तोटीतून अजून वाफ निघते आहे. टोपी जमिनीवर पालथी. एगमबेर्दी कुठेच नाही.

"सगळे?" मुसाफिरानं विचारलं होतं.

"मीच तेवढा गाळला की रे," एगमबेर्दीनं खाली लिहिलं. "दृष्ट लागेल म्हणून गाळला असेल. देखण्या माणसाचं असंच असतं." त्यावर तुर्दाली हसला, अपानंही बोटभर टोमणा मारला. हसला नाही एकटा खोलमिर्झा. फोटोत जे पाखरू नसतं ते दुसऱ्या दिवशी खरोखर नाहीसं होतं, एवढं सगळ्यांना कळून चुकलं होतं; माणसाचंही तसं होईल हे मात्र कुणाच्या मनात नव्हतं. पण जे नाहीसं होतं ते कुठे जाऊन उतरतं, हे त्या एकट्यालाच ठाऊक होतं. त्याच्या मागे फळीवर परकी पाखरं मान वळवून बसली होती. त्यानं लिहायला फोन वर घेतला, तीन वेळा, आणि तीनदा खिशात ठेवला.

सकाळी न राहवून तो एगमबेर्दीच्या दुकानात गेला. लढाई लागल्यापासून त्या दुकानाचा उंबरा त्यानं ओलांडला नव्हता. आत खुर्चीत एक जाडजूड कसाई बसला होता, अर्धी दाढी झालेली, अर्ध्या गालावर फेस सुकून पापडासारखा तडकलेला.

"कुठे गेला रे हा?" खोलमिर्झानं विचारलं.

"मला विचारता? वस्तरा हातात होता त्याच्या. कान टवकारले, वर बघितलं, म्हणाला 'कुणीतरी शिट्टी वाजवतंय'. वस्तरा ठेवला आणि चालू पडला. मला वाटलं लघवीला गेला असेल. आका, तुम्हाला येतं का हो दाढी करायला? माझी आज मेहुणीकडे वरात आहे."

खोलमिर्झा त्या वयात धावला. गल्लीतल्या बायकांनी त्याला धावताना पाहिलं आणि कुणाच्या तरी घराला आग लागली समजून बादल्या भरून ठेवल्या.

एगमबेर्दी त्याच्याच गच्चीवर होता. ढाबळीजवळ, परक्या पाखरांच्या शेजारी, उकिडवा, गुडघे छातीशी घेऊन बसलेला. डोक्यावर टोपी नव्हती. खोलमिर्झाला बघून त्यानं मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या. डोळे गोल, पापणी लवत नव्हती. ज्या माणसाचं तोंड झोपेतही बंद नसे तो गप्प होता.

"एगमबेर्दी! अरे मी. निळ्या. शाळेत तुझी शाई प्यायलो तो." खोलमिर्झानं त्याला हलवलं. "शिवी दे रे एखादी. ब्रशावरून बोललो होतो मी, आठव!"

एगमबेर्दीनं त्याच्या तळहाताकडे पाहिलं. खोलमिर्झाच्या तळहाताला नेहमीप्रमाणे वरीचे चार दाणे चिकटलेले होते. एगमबेर्दी पुढे वाकला आणि ते ओठांनी टिपून घेतले.

खोलमिर्झानं हात चटकन मागे घेतला. त्याला पाखरांचं सगळं ठाऊक होतं, आणि तेच आता त्याच्या उरावर बसलं. परक्या गच्चीवर दाणा टिपून पाखरानं एक रात्र काढली की जुनं घर त्याच्या डोक्यातून पुसट व्हायला लागतं. एगमबेर्दीच्या घरी बायको होती, नातवंडं होती. ऊन मांडवावर चढत होतं. दिवस मावळायच्या आत याला घरी पोचवायला हवं, नाहीतर तो इथेच राहणार. आणि इथे राहून संध्याकाळी रिकाम्या आकाशाकडे बघत बसणार.

हात धरून नेलं तर दर वळणावर तो उलटा फिरे. दोनदा खांद्यावर टाकून नेलं, दोनदा तो परत येऊन शिडी चढला. शेवटी खोलमिर्झानं अपाला फोन लावला आणि सगळं ओकून टाकलं. राखी मादी, तुरेवाला, चितळा, सगळं.

 अपा म्हणाली, "माझा तुरेवाला तुझ्याकडे होता आणि मी रोज त्याच्या नावानं रडत होते. ते नंतर बघू. लढाईत गेलेलं पाखरू मनापासून घरी कसं धाडतात?"

"तह करून."

"मग कर. सगळ्यांच्या देखत कर. मी तुर्दालीला घेऊन निघते."

तह करायची त्यांची रीत अशी: पकडलेली पाखरं अंगरख्याच्या आत छातीशी धरून ज्याची त्याच्या गच्चीवर न्यायची, आपल्या हातानं पंखांचे दोरे तोडायचे आणि तिथे उभं राहून एक भाकर दोघांत मोडून खायची. खोलमिर्झानं पाखरं छातीशी घातली, अपाचा तुरेवाला आणि तुर्दालीची राखीसुद्धा. त्याबरोबर एगमबेर्दी आपोआप उठला आणि पाखरांच्या मागे मागे चालू लागला. बाजारातून ती वरात गेली तेव्हा लोक हसले. खोलमिर्झा मान खाली घालून चालत होता आणि भेटेल त्याला सांगत होता, "मी चोरली. मी चोरली ही."

एगमबेर्दीच्या गच्चीवर किटली होती तशीच होती, टोपी पालथी होती तशीच होती. खोलमिर्झानं अपाच्या आणि तुर्दालीच्या समोर दोरे तोडले. ताज्या भाकरीचा तुकडा मोडून एगमबेर्दीच्या तोंडात घातला, एक आपल्या. चितळा नर एकदम घुमू लागला. एगमबेर्दीनं घास चावला, गिळला, पापण्या फडफडवल्या.

"खारट आहे," तो म्हणाला. मग दचकून उठला. "अरे माझं गिऱ्हाईक! अर्धा कसाई ठेवून आलोय मी दुकानात! आणि हा निळ्या माझ्या गच्चीवर काय करतोय?"

अपानं डोईच्या रुमालानं डोळे टिपले. खोलमिर्झा त्याच्या गळ्यात पडून रडला आणि एगमबेर्दी त्याच्या पाठीवर थोपटत चारचौघांकडे बघून म्हणाला, "बघा, शेवटी कबूल केलंन की बर्फच होता."

चौघंही मग खोलमिर्झाच्या घरी आले. अपानं डब्याची तार उपटली, डबा उघडून आतलं सगळं पुसून टाकलं. "गेला," ती म्हणाली.

तेवढ्यात तिच्याच फोनवर खबर आली. तुर्दालीच्याही. एगमबेर्दीच्याही. मुसाफिराची. नावापुढे घर मात्र आता एगमबेर्दीचं होतं.

"तुझ्या डब्याचं दार उघडं होतं?" अपानं विचारलं.

एगमबेर्दी टोपी फिरवत राहिला. "याच्याकडे पाहुणा आला म्हटल्यावर मी काय फळी रिकामी ठेवू?"

अपानं तुर्दालीकडे पाहिलं. तुर्दालीनं जमिनीकडे पाहिलं. "दोनच दिवस, अपा. थोडंसंच किलकिलं."

मग तिघांनी अपाकडे पाहिलं. अपानं आपला फोन छातीशी धरला. "माझंही," ती पुटपुटली.

खबर म्हणजे फोटो होता. खोलमिर्झाची गच्ची. फळीवर त्याची स्वतःची पाखरं, एकही कमी नाही. शिडी टेकलेली. पाण्याच्या थाळीच्या काठावर ओल्या निळ्या बोटांचे ठसे. खोलमिर्झा कुठेच नाही. आणि यावेळी तो जाऊन उतरेल अशी ओळखीची गच्ची कुठली, हे कुणालाच सांगता येईना.

एगमबेर्दीनं कमरेचा शेला सोडला. एक टोक खोलमिर्झाच्या मनगटाला बांधलं, दुसरं आपल्या. न्हाव्याची गाठ, घट्ट, पण रक्त न अडवणारी. "नवं पाखरू आहेस तू माझं आजपासून," तो म्हणाला. "रुळेपर्यंत दोरा सुटायचा नाही."

दोघं अंगणात मांडवाखाली बाकावर बसले. दुसऱ्या दिवशी ऊन विझता विझता वरून शिट्टी आली. लांब, मग तोकडी, मग शेवटी गिरकी घेणारी. पाखरांना बोलवायची खोलमिर्झाची स्वतःची शिट्टी. खोलमिर्झाचे ओठ मिटलेले होते. त्याचे खांदे तेवढे मागच्या मागे उचलले गेले, शेला ताणला, एगमबेर्दीनं दोन्ही पाय बाकाच्या पायांत अडकवले आणि शिट्टी थांबेपर्यंत तो मोठमोठ्यानं त्या ब्रशाच्या भांडणातल्या सगळ्या शिव्या पहिल्यापासून देत राहिला.

आजही मर्गिलानच्या बाजारात दोन म्हातारे एका शेल्यानं बांधलेले दिसतात. एक दाढी करतो, दुसरा साबणाची वाटी धरतो, निळ्या हातानं. पोरं हसतात. कबुतरबाज हसत नाहीत, वाट देतात. सगळ्यांनी डबे पुसले, दारं लावली, तरी दर संध्याकाळी एगमबेर्दी डाव्या हातानं दोन शब्द लिहितो आणि दर संध्याकाळी खाली फोटो येतो: अंगण, मांडव, बाक आणि बाकावर पडलेला शेला.

दोन्ही गाठी तशाच आवळलेल्या असतात. आत फक्त मनगटं नसतात.

परवा एगमबेर्दीनं तो फोटो बघितला आणि शेजारी पाहिलं. खोलमिर्झा होता. "आहेस ना रे?" त्यानं विचारलं.

खोलमिर्झानं मान एका बाजूला कलती केली, मग दुसऱ्या.